टिंब गळलं तर काय वाचायचं? धावतं हस्ताक्षर, फ्रेंच ॲक्सेंट आणि मोडीतला अनुस्वार

पेट झाली, मुलाखत झाली, विषय मंजूर झाला आणि मार्गदर्शकांनी पहिलंच वाक्य ऐकवलं, 'मूळ साधनं बघा.' इतिहास, मराठी, भाषाविज्ञान यांपैकी कशातही संशोधन करणार असाल तर हे वाक्य तुमच्याही वाट्याला येणार आहे. मूळ साधन म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी घाईघाईत हाताने लिहिलेला कागद. तो कसा वाचायचा, हे कोर्सवर्कमध्ये फारसं शिकवत नाहीत. मीही चुका करतच शिकले. त्यातल्या एका चुकीवर आजचा लेख आहे. चूक एका टिंबाची होती.

मी बोरीची. जिंतूर तालुका, परभणी जिल्हा. (बोरीचा आणि मोडी लिहायच्या बोरूचा काही संबंध नाही, पण मी मोडी शिकते म्हटल्यावर हा विनोद प्रत्येकाने एकदा तरी केलाय.) दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेले होते. गावातले एक बापू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आले. 'पोरी, तुला मोडी येती म्हणतेत. एवढं वाचून दे बरं.' हातात झेरॉक्स होती. मूळ कागद त्यांच्या चुलत्याकडे. वर उर्दू छाप, खाली मोडीत सव्वीस ओळी, साल १३०४ फसली. हैदराबाद संस्थानातल्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे हा कागद १८९४-९५ चा. वाटणीचा. चार भाऊ, एक मळा, एक विहीर.

मी अर्ध्या तासात वाचून देवनागरीत उतरवून दिला. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. त्यातल्या एका ओळीत मी लिहिलं होतं, 'विहिरीत भावाचा हिस्सा'. आठ दिवसांनी बापूंचा फोन. 'अगं, भावाचा म्हणजे एका भावाचा का समद्या भावांचा?' घरात त्यावरून बोलाचाली सुरू झाली होती. एका बाजूचं म्हणणं, आमच्या पणजोबाचा एकट्याचा हिस्सा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तिघांचा. आणि दोघांच्याही हातात माझ्याच अक्षरातला कागद.

आता बघा, मराठीत 'भावाचा' आणि 'भावांचा' यांत फरक आहे तो फक्त एका टिंबाचा. सामान्यरूपावर अनुस्वार नाही, एकवचन. आहे, अनेकवचन. झेरॉक्सवर मला टिंब दिसलं नव्हतं म्हणून मी दिलं नाही. यात चूक कुठे झाली? तिथपर्यंत येण्याआधी थोडं फ्रेंचकडे वळते, कारण मला माझी चूक कळली ती फ्रेंचच्या वहीमुळे.

झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला. मराठीच्या इतिहासावर काम करणाऱ्याला तो टाळता येत नाही. अनुवाद आहेत, पण मूळ चाळता यावं म्हणून मी फ्रेंचच्या प्राथमिक वर्गाला नाव घातलं. पहिल्या श्रुतलेखनात माझे निम्मे गुण गेले. अक्षरं बरोबर होती, पण वरच्या खुणा मी 'नंतर देऊ' म्हणून सोडल्या आणि नंतर वेळच उरला नाही.

फ्रान्समध्ये मुलांना सुरुवातीपासून जोडअक्षरी, धावतं हस्ताक्षर शिकवतात. त्यासाठी खास आखणीचा कागद असतो, सेयेस नावाचा. पाँत्वाझच्या एका पुस्तकविक्रेत्याने १८९२ मध्ये तो काढला. ८ मिलिमीटरवर ठळक रेघ आणि मधल्या जागेत २ मिलिमीटरवर बारीक रेघा. आपल्या दुरेघी-चौरेघीचा हा चुलतभाऊ. शब्द शक्यतो पेन न उचलता एका दमात लिहायचा आणि तो संपला की मागे जाऊन टिंबं, आडव्या रेघा आणि ॲक्सेंट द्यायचे, अशी तिथली शिकवण. म्हणजे खुणा दुसऱ्या फेरीत येतात. आणि दुसरी फेरी घाईत राहून जाते, हे माझ्या श्रुतलेखनात सिद्ध झालंच होतं.

या खुणा मुख्यतः पाच. उजवीकडे चढणारी तिरकी रेघ, डावीकडून उतरणारी रेघ, टोपीसारखी खूण, दोन टिंबं, आणि 'सी' अक्षराच्या खाली लोंबणारी शेपटी. वर्गात आम्ही त्या सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या समजून घोकल्या. पण सगळ्यांचं वजन सारखं नाही, आणि ही गोष्ट मोडी वाचणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे.

'मार्श' म्हणजे पायरी किंवा चाल. 'मार्शे' म्हणजे बाजार. लिहिताना अक्षरं तीच सहा, फरक शेवटच्या 'ई' अक्षरावरच्या चढत्या रेघेचा. 'एम' म्हणजे प्रेम करतो, 'एमे' म्हणजे प्रेम केलेला. पुन्हा तीच रेघ. ती गळली की उच्चार बदलतो, काळ बदलतो, शब्द बदलतो. ही झाली भार वाहणारी खूण.

टोपीचं तसं नाही. फ्रेंचमध्ये इस्पितळाला 'ओपिताल' म्हणतात आणि त्यातल्या 'ओ'वर टोपी असते. तिथे पूर्वी एक 'एस' होता; इंग्रजी 'हॉस्पिटल'मध्ये तो अजून आहे. उच्चारातून 'एस' कधीच गेला होता, पण लिहिण्यात राहिला होता. फ्रेंच अकादमीच्या १७४० च्या कोशाने असे पुष्कळ मुके 'एस' काढले आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी टोपी ठेवली. म्हणजे ही टोपी बऱ्याच वेळा गेलेल्या अक्षराची आठवण म्हणून बसवलेली आहे. १९९० मध्ये फ्रान्सच्या राजपत्रात लेखनसुधारणा आल्या तेव्हा 'इ' आणि 'उ' वरची टोपी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक झाली. पण जिथे टोपी काढली तर दोन शब्दांत गोंधळ होईल तिथे ती ठेवली. 'स्यूर' म्हणजे 'वर' आणि टोपीचा 'स्यूर' म्हणजे 'खात्रीचा'. या दुसऱ्यावरची टोपी हलली नाही.

हे वाचताना मला आपला अनुस्वार दिसायला लागला. जुनी पुस्तकं तुम्ही पाहिली असतील. दांत, पांच, नांव, गांव. 'दन्त'चा 'दांत' झाला, 'पञ्च'चा 'पांच', 'नाम'चं 'नांव', 'ग्राम'चा 'गांव'. मूळ शब्दातला अनुनासिक वर्ण गेला आणि त्याची आठवण म्हणून टिंब राहिलं. फ्रेंच टोपी आणि मराठी टिंब इथे अगदी एका जातीचे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि ही आठवणीची टिंबं गेली. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचं टिंब राहिलं. मुलांना, शेतांचे, भावांचा. ते काढलं असतं तर वचनच कळलं नसतं. फ्रेंचांनी १९९० मध्ये जे केलं ते आपण अठ्ठावीस वर्षं आधी केलं होतं. भार वाहणारी खूण ठेवली, आठवणीची सोडली.

आता मोडी. ज्यांनी अजून मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोडी ही मराठीची धावती लिपी. हेमाडपंताने ती आणली किंवा सुरू केली अशी कथा आहे, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. शिवकाळात आणि पेशवाईत कारभार तिच्यात चालला, इंग्रजी अमलातही चालू राहिला, आणि १९५० च्या दशकात ती शाळांतून गेली. सेरामपूरला विल्यम केरीने १८१० मध्ये मराठी कोश काढला तो मोडी टायपात. तरी छपाईत शेवटी देवनागरीच जिंकली. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडी लिहायची पद्धत अशी की आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, हात कमीत कमी उचलत, अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम नाहीत.

लिपीतच वेगाची सोय केलेली आहे. 'इ' आणि 'ई' यांच्यासाठी मोडीत बहुधा एकच खूण चालते, 'उ' आणि 'ऊ' साठीही एकच. काना, वेलांटी, उकार हे हाताच्या ओघातच अक्षराला जोडले जातात. अनुस्वार मात्र ओघात येत नाही. त्यासाठी हात उचलून वर जावं लागतं आणि टिंब ठेवून परत यावं लागतं. फ्रेंच मुलाची दुसरी फेरी इथे पुन्हा भेटते. म्हणून घाईच्या मोडीत सगळ्यात आधी काय गळतं, तर अनुस्वार.

नवखे विद्यार्थी मोडीला घाबरतात ते ऱ्हस्व-दीर्घामुळे. 'एकच वेलांटी? मग अर्थ कसा कळणार?' माझ्या मते ही भीती फुगवलेली आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, 'शिर' आणि 'शीर', अशा जोड्या मराठीत आहेत खऱ्या, पण वाटणीच्या कागदात दीन आणि दिन यांची गल्लत करायला वाचणारा फारच भोळा पाहिजे. 'बोरि' वाचलं काय आणि 'बोरी' वाचलं काय, गाव तेच. दीर्घ-ऱ्हस्वाची खूण बहुतेक वेळा संदर्भावर भागते. अनुस्वाराची भागत नाही, कारण 'भावाचा' आणि 'भावांचा' दोन्ही त्याच जागी, त्याच वाक्यात, तितकेच चपखल बसतात.

तर बापूंच्या कागदाकडे. फोन आल्यावर मी पुढच्या सुट्टीत चुलत्यांकडे गेले आणि मूळ कागद पाहायला मागितला. सहज मिळाला नाही. चहा झाला, माझी चौकशी झाली, 'तू कोणाकडून आलीस' हेही विचारून झालं. शेवटी आजीने पेटीतून काढून दिला, तोही ओट्यावर, त्यांच्या नजरेसमोर. मूळ कागद उजेडात धरला आणि माझी पहिली चूक तिथेच कळली. झेरॉक्समध्ये फिकट टिंबं उडाली होती, आणि काही ठिकाणी नसलेली आली होती. कसरीची भोकं, शाईचे शिंतोडे, कागदातलं तूस, सगळं झेरॉक्स मशीन एकाच काळ्या रंगात छापतं. माझ्या प्रतीवर जे 'नाही' होतं ते कागदावर नाही की मशीनवर नाही, हे मी विचारलंच नव्हतं.

पण मूळ कागदावरही त्या 'भावाचा' शब्दावर टिंब नव्हतं. म्हणजे माझं वाचन बरोबर? मलाही क्षणभर तसंच वाटलं. दुसरी चूक ही, आणि ती जास्त मोठी. टिंब नाही याचा अर्थ एकवचन, हा नियम छापील मराठीचा आहे. लिहिणाऱ्या त्या कारकुनाचा तो नियम होता का?

हे कळायचा एकच मार्ग आहे. त्याच कागदात, त्याच हाताने, जिथे अनेकवचन असल्याची दुसऱ्या कशावरून तरी खात्री आहे अशी ठिकाणं शोधायची आणि तिथे त्याने टिंब दिलंय का ते पाहायचं. 'चौघांनी', 'पंचांनी', 'झाडांचे', 'बैलांची' असे शब्द मी टिपत गेले. चौदा मिळाले. मग त्यातले तीन काढावे लागले, कारण ते 'वडिलांचे', 'पाटलांचे' असे होते. मराठीत एकाच माणसाला आदराने अनेकवचन लावतो, तेव्हा तिथे टिंब असलं तरी माणसं किती ते कळत नाही. उरले अकरा. त्यांपैकी चार ठिकाणी टिंब होतं, सात ठिकाणी नव्हतं.

हा आकडा हातात आला आणि मी ओट्यावर बसल्या बसल्या थंड झाले. हा कारकून खात्रीच्या अनेकवचनावरही निम्म्याहून जास्त वेळा टिंब देत नाही. म्हणजे 'भावाचा' वर टिंब नसणं हा एकवचनाचा पुरावाच नाही. तो कशाचाच पुरावा नाही. आणि मी तो स्वच्छ देवनागरीत, छापील नियमाने, एकवचन म्हणून लिहून दिला होता. कागद गप्प होता, तिथे मीच बोलले होते.

उलटं फसणंही तितकंच सोपं आहे. समजा टिंब असतं तर? १९६२ पूर्वीच्या लेखनात 'घरांत', 'शेतांत' हे एकवचनही असतं. ती सप्तमीतली जुनी टिंबं आहेत. आजच्या सवयीने वाचलं तर एका शेताची अनेक शेतं होतात. तसंच 'तें दिलें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते दिले' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. लिहिणारा टिंबात काटेकोर असेल तर हा भेद मोलाचा आहे; नसेल तर त्यावर विसंबून काही सिद्ध करू नका. आधी हात ओळखा, मग खूण वाचा. एका कागदावरून हात ओळखला जात नाही म्हणून त्याच लिहिणाऱ्याचे आणखी कागद मिळाले तर सोनंच.

आमच्या कागदाचं उत्तर शेवटी टिंबाने दिलंच नाही. ते दिलं उभ्या रेघांनी. मोडी हिशेबात अंकांनंतरच्या उभ्या रेघा अपूर्णांक दाखवतात. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. ७॥ म्हणजे साडेसात. त्या ओळीत थोरल्याच्या नावापुढे एक रेघ होती आणि 'भावाचा हिस्सा' याच्यापुढे तीन. कागदाच्या सुरुवातीला चार भावांची नावं आहेत. थोरल्याचा पाव गेला, उरला पाऊण, आणि उरले भाऊ तीन. चौघांचे सारखे चार पाव. एकाच धाकट्या भावाला विहिरीचा पाऊण हिस्सा आणि बाकीच्या दोघांना थेंबही नाही, असं वाचायचं तर त्याचं कारण कागदात कुठेतरी यायला हवं होतं. ते नाही. म्हणून 'भावांचा' हे वाचन जास्त संभवनीय.

इथे एक इशारा, कारण या रेघांनीही मी एकदा फसलेय. हीच उभी रेघ अक्षरानंतर आली तर अपूर्णांक नसते, संक्षेपाची खूण असते. 'मौ।' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे, 'रा।' म्हणजे राजश्री. आकड्यामागे तीच रेघ पैसे सांगते आणि अक्षरामागे 'पुढचं तुम्ही समजून घ्या' म्हणते. शब्दांत मोकळी जागा नसल्यामुळे आकडा कुठे संपला आणि अक्षर कुठे सुरू झालं हेही आपणच ठरवायचं असतं.

मग मी बापूंना आणि त्यांच्या चुलत्यांना दोन्ही घरी सारखीच नवी प्रत करून दिली. या वेळी ती दोन भागांत होती. पहिल्या भागात ओळीला ओळ, कागदावर जे आहे तेच. टिंब आहे तिथे टिंब, नाही तिथे नाही, फाटलं तिथे 'फाटले'. दुसऱ्या भागात आजच्या मराठीत वाचन, आणि मी जे जे घातलं ते चौकटी कंसात. ती ओळ अशी झाली: 'विहिरीत भावाचा [भावांचा] हिस्सा', खाली टीप, टीपेत अकरापैकी चार आणि पाव-पाऊण हिशेब. शेवटी लिहिलं की ही विद्यार्थिनीची प्रत आहे. कोर्टकचेरीसाठी अधिकृत लिप्यंतर घ्यावं. बापू म्हणाले, 'एवढ्या टिंबाला एवढी टीप?' मी म्हटलं, 'बापू, पहिल्यांदा टीप दिली नव्हती म्हणून तर भांडण लागलं.' त्यावर ते हसले नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे घरगुती झालं, संशोधनात एवढं कुठे लागतं? लागतं. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे बावीस खंड झाले. पेशवे दफ्तरातली निवडक कागदपत्रं छापली गेली. आपण प्रबंधात उद्धृत करतो ती बहुतेक वेळा ही छापील देवनागरी, मूळ मोडी नव्हे. तिथलं प्रत्येक टिंब कारकुनाचं आहे की संपादकाचं, हा प्रश्न छापील पानावरून सुटत नाही. जुन्या संपादकांनी डोंगराएवढं काम केलं आहे, त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण तुमचा निष्कर्ष जर एका वचनावर, एका विभक्तीवर उभा असेल, तर मूळ कागद पुणे पुरालेखागारात, कोल्हापुरात, भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जिथे असेल तिथे जाऊन पाहा. तेवढी एकच ओळ पाहिलीत तरी चालेल.

फ्रेंचांनी या प्रश्नावर नियमच करून ठेवलाय, आणि तो मला आवडतो. पॅरिसला १८२१ मध्ये स्थापन झालेली 'एकोल दे शार्त' ही जुने दस्तऐवज वाचायला शिकवणारी संस्था आहे. फ्रेंच छापखान्यांत ॲक्सेंट आले सोळाव्या शतकात. जोफ्र्वा तोरीचं १५२९ चं पुस्तक आणि एत्येन दोलेचं १५४० चं ॲक्सेंटवरचं छोटं पुस्तक ही त्यातली नावं. हाताने लिहिणारे मात्र त्यानंतरही बराच काळ ते मनाला येईल तसे देत किंवा सोडत. मग मध्ययुगीन मजकूर आज छापताना संपादकाने ॲक्सेंट द्यायचे की नाही? या संस्थेच्या परंपरेत उत्तर असं की आधुनिक फ्रेंचसारखे सगळीकडे देऊ नका, शब्दाच्या शेवटी जिथे 'ए' असा ठसठशीत उच्चार आहे तिथे चढती रेघ द्या, म्हणजे 'मार्श' आणि 'मार्शे' मध्ये वाचणारा अडणार नाही. भार वाहणारी खूण तेवढी घाला, बाकी सजावट करू नका, आणि काय केलंत ते प्रस्तावनेत सांगा. तुमच्या प्रबंधातही 'लिप्यंतराची पद्धत' म्हणून अर्धं पान असू द्या. अनुस्वाराचं काय केलं, ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने केले का, शब्द कुणी तोडले, संक्षेप उलगडले ते कसे दाखवले. ही चार-पाच वाक्यं लिहायला बसलात की आपण आतापर्यंत काय काय गुपचूप दुरुस्त करत होतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. मला कळलं.

आणि आता हे फक्त प्रबंधापुरतंही राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या नोंदींवर लोकांचे दाखले अवलंबून आहेत. माझ्याबरोबर मोडीच्या वर्गाला असलेल्या दोघांना त्या काळात दिवसाला किती पानं उरकतील एवढंच विचारलं जायचं. शिवाय हल्ली मोडीचं यंत्राने लिप्यंतर करायचे प्रयत्न सुरू आहेत. यंत्र आपण दिलेल्या लिप्यंतरावरून शिकतं. आपण कागदावर नसलेलं टिंब न सांगता घातलं असेल, तर यंत्रही ते कागदावरच आहे असं समजून शिकेल आणि पुढच्या हजार पानांवर घालत जाईल.

सुरुवात कशी करायची असं बरेच जण विचारतात. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात, ते करा. पण वर्गात मिळतात ती बहुधा वळणदार, निवडलेली पानं. त्यानंतर घरातला किंवा गावातला एखादा कागद घ्या, एकाच हाताचा. मूळ मिळाला तर उत्तम, नाही तर रंगीत स्कॅन. काळी-पांढरी झेरॉक्स नको. मोबाइलने फोटो काढणार असाल तर एक सरळ उजेडात आणि एक बाजूने तिरका उजेड टाकून काढा. तिरक्या उजेडात शाईचं टिंब आणि कसरीचं भोक वेगळं दिसतं. वहीला मधे उभी रेघ मारा. डावीकडे कागदावरचं, उजवीकडे आपलं. आणि मागच्या पानावर खात्रीच्या ठिकाणांचा तक्ता ठेवा: शब्द, ओळ, टिंब आहे की नाही, खात्री कशावरून. 'खात्री कशावरून' हा रकाना भरताना हात सगळ्यात जास्त अडतो. अडू द्या.

बापूंच्या कागदाचं विचाराल तर विहीर आता कोरडी आहे. शेजारी बोअर घेतलेत, ज्याचं त्याने. पण दोन्ही घरांनी माझी दुसरी प्रत लॅमिनेट करून घेतली आहे. आणि चुलत्यांकडच्या आजीने मागच्या महिन्यात पेटीतून आणखी दोन कागद काढून ठेवलेत. निरोप असा आला की त्यातला एक त्याच अक्षरातला वाटतो.